मुभेचे जंगल

१९३२च्या ‘टारझन द एप मॅन’मध्ये सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. जेन पार्कर नुकतीच वडिलांकडे आफ्रिकेत येऊन पोचली आहे. त्यांच्या व्यापारी ठाण्यावर निरनिराळ्या जमातींचे लोक जमले आहेत आणि बाप लेकीला हिंडवून एकेका जमातीची ओळख करून देतो आहे. जेन नवलाने पाहते, हसते, विचारते. जरा निरखून पाहिले की ध्यानात येते, बापलेक एका जागी आहेत आणि ते लोक दुसऱ्याच जागी. मॉरीन ओसलिव्हन आणि सी. ऑब्रे स्मिथ हॉलिवूडच्या स्टुडिओत एका पडद्यापुढे उभे आहेत. पडद्यावर मागून सोडलेली फिल्म दोन-तीन वर्षांपूर्वी आफ्रिकेत घेतलेली आहे. दोन्हीकडचा उजेड जुळत नाही, मागची माणसे किंचित धूसर आहेत, आणि त्यांच्यातले कोणी जेनकडे पाहत नाही, कारण त्यांच्यासमोर कॅमेरा लागला तेव्हा हा चित्रपट कुणाच्या मनातही नव्हता. जुन्या हॉलिवूडच्या जंगलातल्या प्रेमकथांचा सगळा इतिहास मला या एका चौकटीत दिसतो. त्या कथांमधले जंगल म्हणजे नकाशावरचा मुलूख नाही. समाजाच्या नजरेबाहेर जाऊन एकमेकांचे होण्याची दोन माणसांना मिळालेली ती मुभा आहे. नव्वद वर्षांनंतरही हे चित्रपट आवडतात ते या मुभेमुळे. आणि ती मुभा देता यावी म्हणून, जे लोक त्या मुलखात खरोखर राहत होते त्यांना मागच्या पडद्यावर ठेवावे लागले. या चित्रपटांचा आनंद आणि त्यांतला अन्याय वेगळे काढता येत नाहीत, कारण दोन्ही एकाच कारागिरीतून आले आहेत.

ही कारागिरी कशी घडली ते समजायला १९२९मध्ये जावे लागते. एमजीएमने त्या वर्षी डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक या दिग्दर्शकाला ‘ट्रेडर हॉर्न’साठी आफ्रिकेत धाडले. एका म्हाताऱ्या हस्तिदंताच्या व्यापाऱ्याच्या आठवणींचे पुस्तक दोनच वर्षांपूर्वी गाजले होते, त्यावर हा चित्रपट बेतला होता. बोलपट नुकताच आलेला, त्यामुळे ध्वनिमुद्रणाची अवजड सामग्री सोबत. केनिया, युगांडा, टांगानिका, बेल्जियन काँगो असा प्रवास झाला. मलेरियाने माणसे आडवी झाली. नायिका एडविना बूथ इतकी आजारी होऊन परतली की पुढे तिची कारकीर्द उभीच राहिली नाही. तिने स्टुडिओवर दावा लावला आणि तो न्यायालयाबाहेर मिटवण्यात आला. एवढे करूनही हवी तशी जनावरांची झुंज कॅमेऱ्यासमोर झाली नव्हती, तेव्हा ती दृश्ये मेक्सिकोत नेऊन चित्रित केली. १९३१मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला, चालला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी त्याला नामांकनही मिळाले. पण स्टुडिओने त्यातून घेतलेला धडा हिशेबाचा होता. आफ्रिकेत जाणे महागात पडते, जिवावर बेतते. आणलेली फिल्म मात्र पुन्हा पुन्हा वापरता येते. कपाटात नद्या, धबधबे, कळप, गावे, नाच यांची रिळेच्या रिळे शिल्लक होती. ती वापरता यावीत अशी गोष्ट हवी होती, आणि त्याच व्हॅन डाइकच्या हाती ‘टारझन द एप मॅन’ सोपवला गेला. चित्रपटसृष्टीतली एक अतिशय लाडकी प्रेमकहाणी अशी उरलेल्या मालाचा उपयोग करण्याच्या गरजेतून जन्मली. यात कमीपणा काही नाही. बरेचसे चांगले काम हाताशी आहे ते सामान पाहूनच सुचते.

घडीव जंगलाची परंपरा त्याआधीपासूनची होती. १९०९मध्ये माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट शिकारीसाठी आफ्रिकेला गेले, तेव्हा शिकागोच्या विल्यम सेलिग या निर्मात्याने रूझवेल्टसारखा दिसणारा एक नट आणि एक म्हातारा सिंह गाठून आपल्या स्टुडिओतच आफ्रिका उभी केली. सिंह कॅमेऱ्यासमोर खरोखर मारला गेला, आणि रूझवेल्टनी सिंह मारल्याची खरी बातमी येताच हा चित्रपट बाजारात आला. खुद्द टारझनचा जनक एडगर राइस बरोज आफ्रिकेत कधीच गेला नाही. १९१२मध्ये त्याची कथा मासिकात आली तेव्हा तिच्यातल्या आफ्रिकी जंगलात वाघ होता. वाचकांनी चूक दाखवल्यावर पुस्तकात त्याची सिंहीण झाली. कॅलिफोर्नियात लवकरच या धंद्याला लागणाऱ्या सगळ्या सोयी तयार झाल्या. एल माँटे आणि थाउजंड ओक्स इथे सिंह पाळून स्टुडिओंना भाड्याने देणारी फार्म निघाली. लेक शेरवुडसारखी तळी कधी इंग्लंडचे रान झाली, कधी काँगोचा काठ.

हत्तींची गोष्ट मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. टारझनच्या हाकेला ओ देऊन धावत येणारा हत्ती माणसाळलेला हवा, आणि अमेरिकेतल्या सर्कशींत शिकवलेले हत्ती होते ते बहुतेक आशियातले. मग त्यांना आफ्रिकी करण्यासाठी डोक्याच्या दोन्ही बाजूंना मोठाले खोटे कान बांधत, गरजेप्रमाणे सुळेही जोडत. परदेशी प्रेक्षक फसला असेल; आपल्याकडच्या माणसाची नजर सहसा फसत नाही. देवळाच्या मिरवणुकीत हत्ती पाहिलेल्या कुणालाही ते दोन उंचवट्यांचे गंडस्थळ आणि मध्ये फुगीर असलेली पाठ ओळखू येते. आफ्रिकी हत्तीची पाठ मध्ये खोलगट असते आणि माथा सपाट उतरता. खरा कान जनावराच्या मनाप्रमाणे हलतो, उष्म्याने, रागाने, कुतूहलाने. बांधलेला कान फक्त चालीच्या धक्क्याने हलतो. एकदा हे दिसले की दरवेळी दिसते, आणि माझ्या मते त्याने चित्रपटाची गोडी वाढते. त्या कानांच्या बंदामागे कुणीतरी चामडे कापणारा, शिवणारा, हत्तीला चुचकारून उभा करणारा माणूस होता याची जाणीव होते. पडद्यावरच्या जंगलात माणसाचा हात लागला नाही अशी एकही जागा नव्हती.

अशा हाताने घडवलेल्या जंगलात प्रेमाचे काय झाले, हा खरा प्रश्न आहे. बरोजच्या कादंबरीतला टारझन जन्माने इंग्रज उमराव. तो पुस्तकांवरून स्वतःच वाचायला शिकतो, पुढे फ्रेंच आणि इंग्रजी बोलतो. एमजीएमने हे सगळे काढून टाकले. घराणे नाही, वारसा नाही, भाषा नाही. कादंबरीकाराला हा मुका नायक रुचला नाही. त्याने स्वतःच्या कंपनीतर्फे १९३५मध्ये ग्वाटेमालात चित्रीकरण करून सुशिक्षित टारझनचा चित्रपट काढला. तो एमजीएमच्या टारझनपुढे टिकला नाही. कारण उघड आहे. ज्याला घराणे आहे त्याच्याबरोबर लग्नाचा, मालमत्तेचा, प्रतिष्ठेचा प्रश्न येतो, आणि ज्याला भाषा आहे त्याला स्वतःचे समर्थन करावे लागते. ऑलिंपिकमध्ये पोहण्याची पाच सुवर्णपदके मिळवलेला जॉनी वाइसम्युलर नट म्हणून अननुभवी होता, पण त्याला स्वतःच्या देहाची लाज नव्हती आणि मिरवण्याची हौसही नव्हती. नावांची ओळख होण्याचा तो प्रसिद्ध प्रसंग पाहावा. जेन स्वतःकडे बोट करून नाव सांगते, मग त्याच्याकडे बोट करते. त्याला युक्ती उमगते, आणि तो आळीपाळीने तिच्या आणि स्वतःच्या छातीवर बोट टोचत दोन नावे म्हणत राहतो, अधिकाधिक जोरात, तिला दुखू लागेपर्यंत. ती वैतागते, घाबरते, आणि तिच्या लक्षात येते की या माणसाला कपट ठाऊक नाही. प्रेम जमण्याचे इतके साधे आणि इतके पटणारे दृश्य त्या दशकात क्वचितच सापडेल. दोघांपाशी मिळून दोन शब्द आहेत आणि तेवढे पुरतात, कारण तिसरे कोणी ऐकायला नाही.

१९३४चा ‘टारझन अँड हिज मेट’ याच्याही पुढे जातो, आणि या सगळ्या प्रकारातला तो माझ्या दृष्टीने सर्वांत चांगला चित्रपट आहे. जेन आता जंगलात सुखाने नांदते आहे. तिला परत नेण्याच्या आशेने हॅरी होल्ट हा तिचा जुना परिचित येतो, आणि युक्तिवादाऐवजी कपडे आणतो. रेशमी झगे, मोजे, अत्तर, ग्रामोफोन. जेन तंबूत कपडे बदलते, आतल्या दिव्यामुळे तिची सावली कापडावर पडते, बाहेर दोन पुरुष उभे आहेत. ती झगा घालून बाहेर येते, नाचते, क्षणभर लंडनची होते. टारझन तिच्या अंगच्या अत्तराचा वास घेतो, कापड चाचपून पाहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला पाण्यात ओढतो, झगा फाटून त्याच्या हातात राहतो, आणि मग पाण्याखालचा तो पोहण्याचा प्रसंग येतो. वाइसम्युलरबरोबर तिथे ओसलिव्हन नाही, जोसेफिन मॅकिम ही ऑलिंपिकची जलतरणपटू आहे, आणि ती विवस्त्र आहे. दृश्यात लालसा नाही. दोन पटाईत पोहणारे पाण्यात जो अवखळपणा करतील तेवढाच आहे. पण त्याआधीचा तंबू, सावली आणि झगा आठवला की अर्थ कळतो. शहरातून आलेले कापड देहाकडे चोरून पाहायला लावते. पाणी ती चोरी संपवते. चित्रपटाची सगळी भूमिका या दोन प्रसंगांच्या शेजारीपणात आहे, आणि ती एका शब्दाविना मांडली आहे.

जंगल म्हणजे मुभा हे कुणाला सर्वांत आधी कळले असेल तर ते अमेरिकेच्या चित्रपट-नीतिसंहितेच्या अधिकाऱ्यांना. १९३०मध्ये लिहिली गेलेली ही संहिता काही वर्षे कागदावरच होती; जोसेफ ब्रीन आल्यावर १९३४च्या मध्यापासून तिची कडक अंमलबजावणी सुरू झाली. पाण्याखालचा प्रसंग कापण्यात आला आणि तो पुन्हा जोडला जायला १९८०चे दशक उजाडावे लागले. खरा बदल मात्र त्यानंतरच्या चित्रपटांत दिसतो. १९३६च्या ‘टारझन एस्केप्स’मध्ये जेनच्या अंगावर पुरेसे कापड आले, आणि त्याबरोबर घर आले. झाडावर खोल्या, स्वयंपाकाची सोय, हत्ती ओढतो असा वरखाली जाणारा पाळणा. १९३९मध्ये या जोडप्याला मूल हवे झाले. पण त्यांचे लग्न कुठल्याच पाद्रीसमोर झालेले नव्हते, तेव्हा पोटचे मूल दाखवणे अवघड. मग एक विमान कोसळले आणि त्यातून वाचलेले बाळ त्यांना मिळाले. अवघ्या पाच वर्षांत मुभेचे रान संसाराचे अंगण झाले. सेन्सॉरला आक्षेप फक्त उघड्या अंगाचा असता तर कपडे वाढवून काम भागले असते. घर, चूल आणि मूल यांची भर घालावी लागली, कारण आक्षेप लग्नावाचून सुखात असलेल्या दोन माणसांनाच होता.

कुणी म्हणेल की हा टारझनपुरता विचार झाला. एरवी जंगल ही केवळ पार्श्वभूमी आणि प्रेमकथा ती प्रेमकथाच. ‘रेड डस्ट’ आणि ‘मोगँबो’ ही जोडी याचे चांगले उत्तर आहे. १९३२च्या ‘रेड डस्ट’मध्ये क्लार्क गेबल हिंदी-चीनमधल्या रबराच्या मळ्याचा मालक आहे. एकीकडे जीन हार्लोने केलेली, जगाने नाव ठेवलेली मोकळी बाई. दुसरीकडे मेरी अ‍ॅस्टरने केलेली, नवऱ्याबरोबर आलेली सभ्य बाई. सगळा पाऊस आणि चिखल स्टुडिओतला. १९५३मध्ये जॉन फोर्डने हीच कथा ‘मोगँबो’ म्हणून केली, गेबललाच घेऊन. या वेळी तो पूर्व आफ्रिकेत जनावरे पकडणारा शिकारी, आणि दोघी बायका अ‍ॅव्हा गार्डनर आणि ग्रेस केली. मळा जाऊन छावणी आली, वाघाच्या जागी गोरिला आला, आशियाच्या जागी आफ्रिका, आणि कथेला खरचटलेसुद्धा नाही. जंगल पार्श्वभूमी असते तर असेच झाले असते हे खरे. पण हीच कथा न्यूयॉर्कच्या इमारतीत नेऊन पाहा. शेजारी आहेत, पोलीस आहेत, नवऱ्याचे मित्र आहेत; तीच वागणूक तिथे बेअब्रू ठरेल. कुठलेही जंगल चालते, पण जंगल लागतेच. स्पेनच्या सेन्सॉरने केलेली करामत या संदर्भात बोलकी आहे. परस्त्रीवरचे प्रेम नको म्हणून फ्रँकोच्या राजवटीत ‘मोगँबो’च्या स्पॅनिश आवृत्तीत त्या नवरा-बायकोला संवाद बदलून भाऊ-बहीण केले गेले, आणि व्यभिचार टाळायच्या नादात त्याहून भलतेच सूचित झाले. जंगलाने दिलेली मुभा शब्दांनी परत घेता येत नाही, हे त्यातून दिसते. देहबोली आधीच बोलून गेलेली असते.

आता या मुभेची किंमत. समाज नको असेल तर तिथला समाज दिसता कामा नये, किंवा दिसला तर तो समाज वाटता कामा नये. ‘टारझन द एप मॅन’मधला चढाचा प्रसंग पाहा. ओझेवाल्यांची रांग अरुंद कड्यावरून जाते आहे. एकाचा पाय सुटतो आणि तो दरीत कोसळतो. हळहळ एका उद्गारात संपते आणि लगेच चौकशी होते ती त्याच्या पाठीवरच्या गाठोड्यात काय होते याची. त्या ओझेवाल्याला नाव नाही, घर नाही, त्याची वाट पाहणारे कोणी नाही. जेनच्या मनातली खळबळ सांगायला चित्रपटाला तासभर लागतो. या माणसाचे मरण काही क्षणांत आटोपते. शेवटाकडे जे बुटके लोक येतात त्यांची कामे कमी उंचीच्या गोऱ्या नटांनी काळा रंग फासून केली. आणि त्या कड्याला जे नाव चित्रपटात दिले आहे, मुटिया, ते ‘ट्रेडर हॉर्न’मध्ये महत्त्वाची भूमिका केलेल्या मुटिया ओमुलू या आफ्रिकी नटाचे आहे. त्या चित्रपटात तो हाडामासाचा माणूस होता, मित्रासाठी जीव देणारा. पुढच्या चित्रपटांत त्याचे नाव उरले ते दगडाला. स्टुडिओने हे दुष्टाव्याने केले असे मला म्हणायचे नाही. बहुधा आदरानेच केले असेल. पण मागच्या पडद्यावरून पुढे येण्याची जागा या कथांच्या रचनेतच नव्हती.

यावर नेहमीचा आक्षेप असा की तो काळच तसा होता, आजचे माप त्याला लावू नये. हा आक्षेप मी हलका मानत नाही, पण तो वस्तुस्थितीला धरून नाही. त्या काळातही हे ज्यांना खुपत होते अशी माणसे होती. १९३०मध्ये ‘इंगागी’ नावाचा काँगोतला खरा माहितीपट म्हणून खपवलेला चित्रपट आला; त्यातली बरीच दृश्ये लॉस एंजेलिसमध्ये, नटांना रंग फासून केलेली होती. ही लबाडी त्याच वेळी उघडकीस आली आणि अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाने तिच्याविरुद्ध कारवाई केली. त्याहून मोठा पुरावा पॉल रोबसनचा. हा थोर कृष्णवर्णीय गायक-नट १९३५मध्ये ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ या ब्रिटिश चित्रपटात मोठ्या उमेदीने उतरला. आफ्रिकी संस्कृती पडद्यावर मानाने दिसेल अशी त्याची समजूत होती. पुरा झालेला चित्रपट साम्राज्याची आरती ओवाळणारा निघाला आणि रोबसनने तो जाहीरपणे नाकारला. त्याच चित्रपटासाठी इंग्लंडमधल्या शेपर्टनच्या स्टुडिओत आफ्रिकी गाव उभारले होते, आणि त्या गावातल्या किरकोळ भूमिका करणाऱ्यांत लंडनमध्ये शिकत असलेला एक किकुयू तरुण होता, जोमो केन्याटा. हाच पुढे स्वतंत्र केनियाचा पहिला पंतप्रधान आणि मग अध्यक्ष झाला. काळ तसा होता असे म्हणताना त्या काळात केन्याटाही होता हे विसरता येत नाही. तो चौकटीत होता. चौकट त्याच्यासाठी नव्हती, एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पन्नासच्या दशकात हॉलिवूड रंग आणि कॅमेरे घेऊन खरोखर आफ्रिकेत गेले. मग खोट्या जंगलाचा दोष कशाला उगाळायचा? १९५०चा ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ याचा उत्तम नमुना. केनिया, टांगानिका, युगांडा, बेल्जियन काँगो इथे चित्रीकरण, रॉबर्ट सर्टीझला छायाचित्रणाचे ऑस्कर, संकलनाचेही ऑस्कर. आग लागल्यावर उधळलेल्या कळपांचा प्रसंग आणि तुत्सी नर्तकांचे दरबारी नृत्य आजही श्वास रोखायला लावतात. वाद्यवृंदाचा मारा टाळून स्थानिक ढोल आणि गाणी वापरली आहेत, हेही मोठे काम. पण मूळ कादंबरीत नसलेली नायिका इथे मुद्दाम घातली आहे. डेबोरा कर नवऱ्याच्या शोधात निघते. स्टुअर्ट ग्रेंजर वाटाड्या. वाटेत ती ओढ्याकाठी कात्रीने स्वतःचे केस कापते आणि पुढच्याच क्षणी ते केशकर्तनालयातून आल्यासारखे दिसतात. प्रत्यक्ष आफ्रिकेत उभे राहूनही चौकट जुनीच राहिली. पुढे दोघे, मागे देखावा. या चित्रपटाच्या उरलेल्या फिल्मचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. १९५९च्या ‘वाटुसी’त ती वापरली, त्याच वर्षीच्या नव्या ‘टारझन द एप मॅन’मध्ये वापरली, १९७३च्या नव्या ‘ट्रेडर हॉर्न’मध्येही वापरली. तोवर आफ्रिकेतले बहुतेक देश स्वतंत्र झाले होते. पडद्यावर तेच कळप धावत होते.

‘मोगँबो’ची गोष्ट याहून बोचरी आहे. केनियात ऑक्टोबर १९५२मध्ये ब्रिटिशांनी आणीबाणी पुकारली. जमिनी गोऱ्या वसाहतवाल्यांनी बळकावल्या होत्या, त्याविरुद्ध माऊ माऊ उठाव पेटला होता. त्याच महिन्यात केन्याटाला अटक झाली. फोर्ड, गेबल, गार्डनर आणि केली यांची शेकडो माणसांची तंबूनगरी याच सुमाराला पूर्व आफ्रिकेत उभी राहिली, बंदुकांच्या पहाऱ्यात. चित्रपटात एका चौकीवर स्थानिक लोक बिथरलेले दिसतात, अधिकारी जखमी पडलेला आहे, नायक धीटपणे सगळ्यांना बाहेर काढतो. लोक का बिथरले, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो विचारला असता तर ते रान राहिले नसते, कुणाची तरी जमीन झाले असते, आणि मग गेबलने तिथे कुणावर प्रेम करावे हा विषय दुय्यम ठरला असता.

‘द आफ्रिकन क्वीन’ला मात्र मी थोडे वेगळे मानतो. जॉन ह्यूस्टनचा १९५१चा हा चित्रपट काँगो आणि युगांडात झाला; पाण्यात उतरायची दृश्ये आजारांच्या भीतीने लंडनच्या स्टुडिओतल्या टाकीत घेतली. इथेही मुभा आहेच. पहिल्या महायुद्धात जर्मन सैनिक गाव जाळतात, भाऊ मरतो, आणि मिशनरी बहीण एका कळकट बोटवाल्याबरोबर नदीवर एकटी पडते. गावातले लोकही त्या पहिल्या भागानंतर नाहीसे होतात, तेव्हा दोष सुटत नाही. पण इथे नदी देखावा म्हणून मागे उभी नाही. बॉयलर अडतो, पंखा वाकतो, ते दोघे काठावर भट्टी लावून दांडा सरळ करतात. लव्हाळ्यात बोट रुतते तेव्हा बोगार्ट पाण्यात उतरून ती दोरीने ओढतो, वर येतो तर अंगभर जळवा. मीठ लावून त्या काढतात, आणि पुन्हा उतरायचे आहे हे त्याला ठाऊक असते. तो उतरतो. कॅथरिन हेपबर्न काही बोलत नाही, फक्त पाहते. चाळिशी ओलांडलेल्या, देखणेपणाचा दावा नसलेल्या दोन माणसांचे प्रेम एकत्र केलेल्या कामातून उगवते. जिथे जंगल कथेला अडवते, थकवते, काम करायला लावते, तिथे ते पुन्हा खरी जागा होऊ लागते.

मग हे चित्रपट आवडीने पाहावेत की नाही? पाहावेत, असे माझे ठाम मत आहे. आवड म्हणजे संमती, हा हिशेब कलेच्या बाबतीत टिकत नाही. आपण कीर्तनात ऐकलेल्या कितीतरी आख्यानांतले राजधर्म आज कुणी पाळणार नाही, आणि तरी ती आख्याने रंगतात. उलट, दोष दिसला म्हणून आनंदच नाकारला तर हे चित्रपट कशामुळे इतके परिणामकारक होते तेही कळेनासे होते. जेनच्या चेहऱ्यावरचे सुख खोटे नाही. पाण्यातले ते दोन देह खोटे नाहीत. त्या सुखासाठी काय बाजूला सारले गेले तेही खोटे नाही. जोड जिथे दिसते तिथेच नजर ठेवून पाहिले तर दोन्ही एकदम दिसतात, आणि चित्रपट त्याने लहान होत नाही.

जंगल हा मुलूख नसून मुभा आहे याचा आपल्या घरचा पुरावा मुंबईत आहे. एमजीएमने धोबी तलावाजवळ ‘मेट्रो’ हे स्वतःचे चित्रगृह १९३८मध्ये उघडले, पण त्याआधीच टारझन मराठी मुलखात येऊन इथला झाला होता. परळला वाडिया मूव्हिटोनच्या स्टुडिओत, जिथे पुढे व्ही. शांताराम यांचे राजकमल कलामंदिर उभे राहिले, होमी वाडियांनी १९३७मध्ये ‘तूफानी टारझन’ केला. व्यायामपटू जॉन कावस नायक, गुलशन नायिका. गिरणगावाच्या भोंग्यांच्या टप्प्यात ते जंगल उभे राहिले आणि चालले, कारण शहरातल्या मुलीने घरच्यांच्या नजरेबाहेर एखाद्यावर जीव लावण्याची मुभा इथेही हवीच होती. १९५८मध्ये होमी वाडियांनीच ‘झिम्बो’ आणला, त्याचे पुढचे भाग निघाले, साठच्या दशकात दारा सिंगही टारझन झाले. साम्राज्याखाली राहिलेल्या माणसांनी केलेले हे चित्रपट; तरी रचना त्यांनी तशीच उचलली. आणि इथेही रानातली खरी माणसे फार लांब नव्हती. मुंबईहून काही तासांवर, डहाणू, तलासरी, उंबरगाव भागात वारली राहत होते. त्यांच्या जमिनी सावकारांकडे गेलेल्या, रान ठेकेदारांच्या ताब्यात, आणि वेठ ठरलेली. लग्नासाठी कर्ज काढणारा वारली ‘लग्नगडी’ म्हणून सावकाराकडे राबे, बहुधा त्याची बायकोही, आणि ते कर्ज कधी फिटत नसे. १९४५मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकरांबरोबर वारली उठले ते ही वेठ आणि ही लग्नगुलामी मोडण्यासाठी, आणि त्यांनी ती मोडली. ‘झिम्बो’ पडद्यावर आला तो त्यानंतर १३ वर्षांनी. शहरातल्या जोडप्याला लग्नाच्या जाचातून सुटायला जे रान दाखवले जात होते, त्याच्या शेजारच्या खऱ्या रानात लग्न केल्यामुळेच माणसे बांधली जात होती. ती सुटली ती आपल्या हिमतीवर, आणि त्या सुटकेचा एकही प्रसंग या चित्रपटांना सुचला नाही.